अर्ध्या मिलिमीटरचं दार

आईच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं तेव्हा ती पोळ्या करत होती. आधी तिला वाटलं, तव्याचा धूर आहे. तिने एक्झॉस्ट लावला, डोळा चोळला, पदराने पुसला. धूर हलेना. मग लक्षात आलं की डोळा फिरेल तिकडे धूरही फिरतोय. पाण्याच्या ग्लासात शाईचा थेंब पडावा आणि त्याचे धागे पसरत जावेत, तसं काहीतरी तिच्या डोळ्यात पसरत होतं. उरलेल्या चार पोळ्या तिने एका डोळ्याने लाटल्या आणि मगच मला हाक मारली.

ही २०२३ मधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळा तपासला.

"काकू, शुगर किती वर्षांची?"

"चौदा."

"आणि पडदा शेवटचा कधी तपासला होता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. आम्ही दर तीन महिन्यांनी तिची शुगर तपासायचो. दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढायचो. नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, अशी आमची पक्की समजूत होती. डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, तपासणं हे अगदी वेगळं काम आहे, हे चौदा वर्षांत एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

परतताना रिक्षात आई एकच वाक्य बोलली. "अण्णांचंही असंच झालं होतं."

अण्णा म्हणजे आईचे वडील. मिरजेत पोस्टात होते. १९७४ साली त्यांच्या एका डोळ्यात रक्त उतरलं, वर्षभरात दुसऱ्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की रक्त आपोआप विरलं तर विरलं, नाहीतर यावर उपाय नाही. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या हाताशी खरोखरच उपाय नव्हता. आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचलेल्या माणसाला स्वतःचं नाव वाचता येईना. आई तेव्हा तेरा वर्षांची होती. शाळेतून आली की ती त्यांना पेपर वाचून दाखवायची.

आणि आता तिच्या फाइलमध्ये लिहिलं होतं: उजवा डोळा, विट्रेक्टॉमी, २५ गेज. डॉक्टरांनी समजावलं ते असं. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला तीन छिद्रं पाडायची, प्रत्येक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. टाका बहुधा लागणार नाही. संध्याकाळी घरी.

अण्णांच्या १९७४ आणि आईच्या २०२३ च्या मध्ये काय घडलं, हे शोधायला मी त्या रात्री बसले. काळजीने झोप येत नव्हती, हे खरं कारण.

हात लावू नये अशी जागा

डोळा हा साधारण चोवीस मिलिमीटरचा गोळा. पुढे पारदर्शक काच, तिच्यामागे बुबुळ आणि भिंग. सगळ्यात मागे, भिंतीला आतून कागद चिकटवावा तसा रेटिना. जाडी साधारण पाव मिलिमीटर. आणि भिंग व रेटिना यांच्यामधल्या मोठ्या पोकळीत भरलेला असतो विट्रियस: अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक गर. चार मिलिलिटर, म्हणजे चमचाभरही नाही. त्यात जवळजवळ सगळं पाणीच, पण अतिशय बारीक तंतूंनी बांधून ठेवलेलं. हे तंतू काही ठिकाणी रेटिनाला घट्ट धरून असतात.

ही शेवटची गोष्ट सगळ्या भीतीचं मूळ होती. गर ओढला तर रेटिना ओढला जाणार, फाटणार, सुटणार. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये चुकून हा गर बाहेर आला की सर्जनच्या पोटात गोळा यायचा. विसाव्या शतकाचा निम्म्याहून जास्त काळ डोळ्यांच्या डॉक्टरांना एकच शिकवण होती, ती म्हणजे विट्रियसला हात लावायचा नाही.

म्हणून रेटिनावरचे पहिले इलाज सगळे बाहेरून झाले. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे ज्यूल गोनां यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं की रेटिना सुटतो तो त्याला पडलेल्या भोकामुळे, आणि ते भोक बंद केलं तर तो परत चिकटू शकतो. त्याआधी रेटिना सुटला म्हणजे डोळा गेला, असंच धरलं जायचं. गोनां आतलं भोक नेमकं कुठे आहे ते बाहेरून हिशेबाने ठरवत आणि त्या जागी डोळ्याच्या भिंतीतून तापलेलं टोक खुपसून डाग देत. पुढे चार्ल्स शेपेन्स यांनी दोन्ही डोळ्यांनी रेटिना खोलीसकट पाहता येईल असं डोक्याला बांधायचं उपकरण बनवलं. सुटलेल्या पडद्यावर बाहेरून पट्टा आवळून भिंतच आत दाबायची, ही पद्धतही त्यांच्या हाताखाली नावारूपाला आली.

पण अण्णांचा आजार बाहेरून बरा होणारा नव्हता. मधुमेहात रेटिनाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. प्राणवायू कमी पडला की रेटिना मदतीचे संदेश सोडतो आणि नव्या रक्तवाहिन्या उगवतात. या नव्या वाहिन्या कच्च्या असतात आणि त्या गराचा आधार घेऊन वाढतात. पुढे गर आकसतो, त्यांना ओढतो, आणि त्या फुटतात. रक्त गरात अडकून राहतं. खिडकी शाबूत, मागची भिंत थोडीफार शाबूत, पण मधली सगळी खोली गढूळ. ती खोली रिकामी करायला कुणीतरी आत जायला हवं होतं.

अंडं आणि ड्रिल

आत जाण्याचं धाडस आधी मायामीच्या डेव्हिड कॅस्नर यांनी केलं. १९६० च्या दशकात त्यांनी डोळा पुढून उघडून, भिंग काढून, स्पंजने गर उचलून कात्रीने कापायला सुरुवात केली. या पद्धतीला 'ओपन स्काय', म्हणजे उघड्या आभाळाखालची शस्त्रक्रिया असं नाव पडलं. नाव सुंदर आहे, पण डोळ्याच्या दृष्टीने प्रकार भयंकर. पुढचा भाग उघडला की आतला दाब शून्यावर येतो आणि फुग्यातली हवा जावी तसा डोळा मऊ पडतो. तरीही कॅस्नरनी एक मोठी गोष्ट सिद्ध केली. गर काढून टाकला तरी डोळा जगतो.

त्याच मायामीत, बॅस्कम पामर आय इन्स्टिट्यूटमध्ये, १९६६ साली रॉबर्ट माखेमर नावाचा तरुण जर्मन डॉक्टर आला. त्याचे वडीलही डोळ्यांचे डॉक्टर होते आणि दुसऱ्या महायुद्धात मारले गेले होते. कॅस्नरचं काम पाहून माखेमरच्या डोक्यात प्रश्न आला: हेच काम डोळा न उघडता करता आलं तर?

मला या इतिहासातला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे. माखेमरने पहिले प्रयोग घरच्या गॅरेजमध्ये केले, ड्रिलचं पातं आणि अंड्याचा पांढरा बलक घेऊन. बलक विट्रियससारखाच चिकट, तुटता तुटत नाही असा. नळीत पातं फिरवून तो तुकड्यातुकड्याने कापता आणि शोषून घेता येतो का, हे त्याने तपासलं. येत होता. मग जाँ-मारी पारेल या अभियंत्याबरोबर त्याने उपकरण घडवलं. त्याचं नाव विस्क. एकाच दांडीत पाणी आत सोडायची सोय, गर ओढून घ्यायची सोय आणि फिरणारं पातं.

त्यामागची खरी युक्ती पात्यात नव्हती, हिशेबात होती. जेवढं बाहेर काढायचं, तेवढंच पाणी त्याच वेळी आत सोडायचं. मग डोळा टणक राहतो, कोसळत नाही. आणि शिरायचं कुठून? बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे एक अरुंद पट्टा आहे, त्याला पार्स प्लाना म्हणतात. त्याच्या पुढे भिंग, मागे रेटिना. तेवढ्या पट्ट्यात छेद घेतला तर दोघांनाही धक्का लागत नाही.

२० एप्रिल १९७० रोजी माखेमरने या उपकरणाने पहिलं ऑपरेशन केलं. रुग्ण मधुमेही होता आणि त्याच्या डोळ्यात जुनं रक्त साचलेलं होतं.

हे वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला. अण्णांचाच आजार. त्यांच्या डोळ्यात रक्त उतरण्याच्या चार वर्षं आधी. उपाय जगात होता, मिरजेत नव्हता. मायामीतही तो तेव्हा एका नवख्या डॉक्टरचा धाडसी प्रयोगच होता.

तीन कामं, तीन दारं

विस्क १७ गेजचं होतं, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर जाड. एकाच दांडीत सगळं कोंबल्यामुळे ते जड होतं आणि फिरत्या पात्याला गराचे तंतू गुंडाळले जाण्याची भीती असायची. पाव मिलिमीटरच्या पडद्याजवळ ही भीती लहान नाही.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतच कॉनर ओमॅली आणि राल्फ हाइन्ट्झ या डॉक्टर-अभियंता जोडीने उलटा विचार केला. एका मोठ्या दारातून सगळ्यांनी कशाला जायचं? तीन छोटी दारं करू. एकातून पाणी, एकातून प्रकाश, एकातून कापणारं पातं. प्रत्येक दांडी २० गेजची, ०.९ मिलिमीटर. पातं फिरणारं नव्हतं. दाबाच्या हवेवर पुढे-मागे सरकून, सुपारी कातरावी तसं ते कापायचं. सर्जनच्या एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात कात्री आली. आजही जगभर रेटिनाचं ऑपरेशन याच तीन दारांतून होतं.

भारतातही हे ज्ञान पोचत होतं, ते माणसांच्या पायांनी. बोस्टनमध्ये शेपेन्स यांच्याकडे शिकलेले डॉ. एस. एस. बद्रिनाथ परत आले आणि १९७८ साली त्यांनी तेव्हाच्या मद्रासमध्ये शंकर नेत्रालय सुरू केलं. आईला आठवतं, माझा मामा म्हणायचा, अण्णांना एकदा मद्रासला दाखवू. पण तोवर अण्णांचे दोन्ही डोळे जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. ते म्हणाले, आता कशाला पैसे घालता.

उलटी मोजदाद

इथे गेज म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मीही त्यात अडखळले. आकडा मोठा तशी सुई बारीक. हे माप तार ओढणाऱ्यांकडून आलं. सोनार भोकांच्या पट्टीतून तार ओढतात ते तुम्ही पाहिलं असेल. जितक्या जास्त वेळा लहान लहान भोकांतून ओढाल तितकी तार बारीक. तारेच्या मापाला त्या ओढण्याचा आकडा चिकटला, तो पुढे इंजेक्शनच्या सुयांना आणि तिथून डोळ्याच्या हत्यारांना.

तर २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर, २३ म्हणजे साधारण ०.६, २५ म्हणजे ०.५, २७ म्हणजे ०.४. आईच्या इन्सुलिन पेनची सुई ३१ गेजची. तिच्या डब्यावर तो आकडा मी शेकडो वेळा पाहिला होता, वाचला कधीच नव्हता.

२० गेजने जवळजवळ तीस वर्षं राज्य केलं. त्यात एक त्रास होता. ०.९ मिलिमीटरचं छिद्र आपोआप मिटत नाही. आधी डोळ्यावरची पातळ त्वचा कापून बाजूला करायची, छिद्रं पाडायची, काम झाल्यावर प्रत्येक छिद्राला टाका, मग वरच्या त्वचेलाही टाके. रुग्णाला पुढे कितीतरी दिवस डोळ्यात वाळूचा खडा असल्यासारखं टोचायचं. लहान मुलांच्या, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या इवल्याशा डोळ्यांत तर ही हत्यारं धटिंगणच. म्हणून १९९० साली युजीन डी हुआन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २५ गेजची बारीक हत्यारं बनवली. त्याच वर्षी घोलाम पेमन यांनी डोळ्यातला नमुना काढण्यासाठी २३ गेजचं हत्यार मांडलं. पण रोजच्या ऑपरेशनला ती चालत नव्हती.

मला प्रश्न पडला, का नाही? सुई बारीक करणं एवढं अवघड आहे का?

स्ट्रॉचं गणित

पुण्यात मस्तानी प्यायला गेलात तर जाड स्ट्रॉ मिळतो. तीच मस्तानी ज्यूसच्या टेट्रापॅकच्या स्ट्रॉने पिऊन बघा. गाल दुखतील आणि तोंडात काही येणार नाही.

एकोणिसाव्या शतकात प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने बारीक नळ्यांतून द्रव कसा वाहतो याचा अभ्यास केला. त्याचा नियम क्रूर आहे. नळीची रुंदी निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. दोनाचा चौथा घात. म्हणजे २० गेजवरून २५ वर जाताना बाकी सगळं तेच ठेवलं, तर गर बाहेर येण्याचा वेग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. आणि जो बाहेर यायचाय तो पाणी नाही, बलक आहे.

त्यामुळे छिद्र लहान करायचं तर बाकी सगळंच बदलावं लागलं. ओढ वाढवली. पण नुसती ओढ वाढवणं धोक्याचं, रेटिनाच ओढला जाईल. मग कापण्याचा वेग वाढवला. तुकडे जितके बारीक, तितका गर पाण्यासारखा वाहतो. शिवाय तंतू ताणला जायच्या आधीच तुटतो, म्हणजे रेटिनाला हिसका बसत नाही. सुरुवातीची यंत्रं मिनिटाला काहीशे वेळा कापायची. २००० च्या सुमाराला हा आकडा हजार-दीड हजारावर आला, मग पाच हजारावर, दहा हजारावर. जाताना आणि येताना दोन्ही वेळा कापणारं पातं आल्यावर तर मिनिटाला वीस हजारांवर. ह्याच भागाने मला धक्का दिला. मी समजत होते की लहान छिद्र म्हणजे फक्त कमी जखम. पण छिद्र लहान केल्यामुळे पातं वेगवान करावं लागलं, आणि पातं वेगवान झाल्यामुळे ऑपरेशन सुरक्षित झालं.

दुसरी अडचण प्रकाशाची. बारीक तंतूतून उजेड कमी जातो. जुन्या दिव्यांच्या जागी झेनॉनचे प्रखर दिवे आले तेव्हा कुठे बारीक दांडीतून पुरेसं दिसायला लागलं. तिसरी अडचण वाकण्याची. २५ गेजची पहिली हत्यारं उदबत्तीच्या काडीसारखी लवायची. सर्जन डोळा वळवायला जायचा आणि डोळ्याऐवजी हत्यारच वाकायचं. मग धातू आणि घडण बदलून ती ताठ केली.

२००२ साली गिल्डो फुजी, डी हुआन, मार्क हुमायून आणि सहकाऱ्यांनी २५ गेजची पूर्ण पद्धत मांडली. त्वचा कापायची नाही. सुईवर चढवलेली अर्ध्या मिलिमीटरची नळी थेट टोचायची, सुई काढून घ्यायची, नळी तिथेच राहू द्यायची. सगळी हत्यारं त्या नळीतून आत-बाहेर करतील, म्हणजे भिंतीला पुन्हा पुन्हा घासणार नाहीत. शेवटी नळी उपसली की छिद्र आपसूक मिटेल. टाका नाही.

बिनटाक्याची किंमत

इथे इतिहास संपला असता तर मी निवांत झोपले असते. पण पुढचं वाचलं आणि पुन्हा बसले.

काही छिद्रं नीट मिटत नव्हती. ऑपरेशननंतर पाणी झिरपून डोळा मऊ पडायचा. आणि जिथून पाणी बाहेर येतं, तिथून जंतू आत जाऊ शकतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विल्स आय रुग्णालयातल्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २० गेजच्या ५,४९८ ऑपरेशनांत डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला एका रुग्णाला. २५ गेजच्या ३,१०३ ऑपरेशनांत सात जणांना. दोन्ही आकडे छोटे, पण प्रमाण काढलं तर बारापट. आणि हा संसर्ग म्हणजे नजर कायमची जाण्याचा धोका. टाका वाचवायला गेलो आणि डोळा धोक्यात घातला, असं सात घरांत वाटलं असणार.

तोडगा मात्र आधीच शोधला गेला होता, तो छिद्राच्या आकारात नसून कोनात होता. २००५ साली फ्रँकफर्टच्या क्लाउस एकार्ट यांनी २३ गेजसाठी वेगळी रीत मांडली. वरची त्वचा जराशी बाजूला सरकवायची आणि सरळ भोक पाडण्याऐवजी तिरपं शिरायचं. सरळ भोक नळासारखं उघडं राहतं. तिरपं भोक पाकिटाच्या झाकणासारखं. आतल्या दाबानेच त्याचे दोन ओठ एकमेकांवर दाबले जातात. त्यात सरकवलेली त्वचा जागेवर परतली की तिचं भोक आणि आतलं भोक एका रेषेत राहत नाहीत. तिरपा छेद सर्वत्र रुळला, शेवटी छिद्र झिरपतं का हे तपासायची आणि झिरपलं तर निमूटपणे टाका घालायची शिस्त आली, तसा पुढच्या मोठ्या अभ्यासांत हा फरक उरला नाही.

आईच्या फाइलवर 'टाका बहुधा लागणार नाही' असं होतं. त्यातला 'बहुधा' मला आधी टाळाटाळ वाटला होता. त्या रात्री त्याचा अर्थ कळला. तो शब्द त्या सात जणांमुळे आला होता.

२०१० मध्ये जपानच्या युसुके ओशिमा आणि सहकाऱ्यांनी २७ गेज आणलं, ०.४ मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना अर्धवट ज्ञानाच्या जोरावर विचारलं, मग आईचं २७ ने का नाही? ते हसले, चिडले नाहीत. म्हणाले, "काकूंच्या डोळ्यात नुसतं रक्त नाही, पडद्यावर जाड पापुद्रे आहेत. मला त्यासाठी २५ बरं वाटतं. उद्या एखाद्या लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण घुसला, तर तो बाहेर काढायला मी छिद्र मोठं करीन. छिद्र लहान ठेवायचं ते डोळ्यासाठी, माझ्या हौसेसाठी नाही."

पाण्यातली काडी

ऑपरेशनला तासाच्या थोडं वर लागलं. फक्त डोळा बधिर केला होता, आई जागी होती. बाहेर बाकावर मी, शेजारी सोलापूरहून आलेले एक काका. त्यांच्या बायकोचं त्याच डॉक्टरांकडे ऑपरेशन होतं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी मनात गणित करत बसले. मिनिटाला इतके हजार काप, इतकी मिनिटं. आकड्यांत डोकं घातलं की भीती जरा लांब राहते.

बाहेर आल्यावर आईने पहिली गोष्ट सांगितली ती ही. "अगं, मला आतून दिसत होतं. पाण्यात काळी काडी फिरावी तसं काहीतरी फिरत होतं. आणि ते जिथे जाईल तिथे उजेड होत होता." नंतर वाचलं, हे अनेक रुग्ण सांगतात. हत्यारांची सावली त्यांच्याच रेटिनावर पडते आणि रेटिना जागा असतो.

टाका लागला, एक. तिसऱ्या छिद्रातून थोडं झिरपत होतं. मला वाईट वाटण्याऐवजी बरं वाटलं.

पट्टी काढल्यावर आईने सिस्टरला पाहिलं, तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. धूर गेला होता. पण कॅलेंडरवरच्या तारखा तिला त्या डोळ्याने वाचता येईनात. आजही येत नाहीत. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रक्त काढता येतं, पापुद्रे सोलता येतात, लेझरने पुढची गळती थांबवता येते. पण रेटिनाच्या मधोमध, बारीक वाचायला लागतो त्या भागाचं जे नुकसान आधीच्या वर्षांत गुपचूप झालं, ते परत आणता येत नाही. ते नुकसान होत होतं तेव्हा आम्ही दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात जात होतो.

दीड मिलिमीटरवरून ०.४ पर्यंत यायला चाळीस वर्षं लागली. गॅरेजमधलं अंडं, हवेवर चालणारी कात्री, प्वाझयचा चौथा घात, ते सात डोळे, एकार्टचा तिरपा छेद. अण्णांना यातलं काहीच मिळालं नाही. आईला सगळं मिळालं. पण ती त्या दाराशी उशिरा पोचली, आणि तो उशीर मायामीतून मिरजेला यायला लागणारा नव्हता. आमच्या घरापासून ती तपासणी रिक्षाने वीस मिनिटांवर होती. थेंब घालायचे, अर्धा तास बसायचं, डॉक्टर आत डोकावून बघणार. एवढंच. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा.

तिच्या डाव्या डोळ्यात तेव्हाच नव्या रक्तवाहिन्या दिसायला लागल्या होत्या, फुटायच्या होत्या. त्यावर वेळेत लेझर झाला. त्या डोळ्याने ती पेपर वाचते, छोट्या जाहिरातींसकट.

आता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये तिचे व्हॉइस मेसेज असतात. मामाला शुगर होऊन नऊ वर्षं झाली. परवा तिने त्याला विचारलं, "दादा, पडदा तपासलास का? नंबर नाही म्हणत मी, पडदा." मामाने अंगठा पाठवला. तिने लगेच फोन लावला आणि विचारलं, "कोणत्या तारखेला तपासलास ते सांग."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. शनिवारी आम्ही त्याला घेऊन जाणार आहोत.